चंद्रप्रभेची सवत

सौदामिनी लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि अनंतराव चौतीसचे. निजामाच्या राज्यात काय किंवा बाहेर काय, एकोणीस म्हणजे मुलगी थोराड झाली असंच लोक धरत. म्हणूनच लातूरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या तिच्या वडिलांनी बिजवराचं स्थळ मान्य केलं. लग्नातच मंगळसूत्राशेजारी तिच्या गळ्यात पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक बांधला गेला. गेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून बांधतात तसा. तिला त्याचं काही वाटलं नाही. मेलेल्या बाईशी कसलं भांडण, अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घातली की झालं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीतून बाहेर येत होती. परसापलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

"चंद्रप्रभा, ये. ये बाई, ये."

इतक्या मऊ आवाजात त्यांनी अजून तिच्याशी एक शब्दही काढला नव्हता. पहिलीचं नाव चंद्रप्रभा होतं हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातातला तांब्या खाली पडला. घरातली जुनी कामवाली चांगुणाबाई धावत आली आणि तांब्या उचलत हळूच म्हणाली, "भिऊ नगा बाई. घोडीला हाक मारायलेत."

मग चांगुणाबाईनं सगळं सांगितलं. पहिल्या बाईसाहेब बाळंतपणात गेल्या, मूलही गेलं. अकराव्या दिवशी तबेल्यातली विलायती घोडी व्याली. तिच्या शिंगराला मालकांनी बाईसाहेबांचं नाव दिलं. बाईसाहेब जिवंत असताना मालकांनी कधी त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. कुठल्याच घरात कुणी उच्चारत नसे. आता मात्र दिवसातून पन्नास वेळा घेत होते.

विष्णुपुरीच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी अनंतरावांची शेती होती. वडिलांनी जमीन राखली, यांनी घोडे राखले. हैदराबादला मलकपेठच्या शर्यतीच्या मैदानावर आपली घोडी धावावी एवढाच त्यांना नाद होता. चंद्रप्रभा तेव्हा दोन वर्षांची होती. तांबूस रंग, लांब मान, कपाळावर पांढरा ठिपका. सौदामिनीनं तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते माजघराच्या खिडकीतून. भुजंग मोतद्दार खरारा करत होता आणि अनंतराव खाली बसून घोडीच्या पायांच्या नळ्यांवरून तळहात फिरवत होते. कुठं गरम लागतंय का, ते बघत होते. रोज संध्याकाळी ते असं बघत. त्याच आश्विनात सौदामिनीला आठ दिवस ताप आला, तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं होतं, औषध घेतलं का.

तिसऱ्या वर्षी घोडी धावू लागली. नांदेड स्टेशनातून तिचा डबा गाडीला जोडला जाई आणि भुजंग तिच्याबरोबर त्याच डब्यात बसून जाई. धर्माबादला गाडी थांबली की तो तिला घरच्या हंड्यातलं पाणी पाजी, कारण बाहेरचं पाणी पाजायचं नाही असा हुकूम होता. शर्यत झाली की तार येई. तार इंग्रजीत असे. पोस्टातला माणूस ती दारात उभा राहून उर्दूत सांगे, "चंदरपरभा अव्वल." शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की म्हणत, तुमची चंद्रप्रभा जिंकली म्हणे. सौदामिनी साखर वाटायची आणि हसायची. रात्री पाठ टेकली की तिला वाटे, मी या घरात येऊन दोन वर्षं झाली; माझं नाव गावात किती जणांना ठाऊक असेल?

एकदा तिनं हट्ट धरला, म्हणून अनंतरावांनी तिला हैदराबादला नेलं. मलकपेठला जनान्यासाठी चिकाचे पडदे लावून वेगळी जागा केलेली होती. ती तिथं एका हैदराबादी बीबीशेजारी बसली. मोठ्या कपाची शर्यत होती. शेवटच्या वळणावर तांबूस घोडी पुढं निघाली तशी पलीकडची हजारो माणसं उठून उभी राहिली आणि एका आवाजात ते नाव ओरडू लागली. सौदामिनीनं पडद्याच्या फटीतून नवऱ्याला शोधलं. टोपी हातात धरून तेही ओरडत होते. गाल ओले झाले होते. हा माणूस असा रडू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं.

बीबीनं विचारलं, "ये चंदरपरभा किसकी है जी?"

"हमारे घर की."

"तुमारी क्या लगती?"

"सौत," सौदामिनी म्हणाली.

बीबी खदखदून हसली आणि तिनं पानाचा डबा पुढं केला. सौदामिनीनं पान घेतलं आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवलं.

पुढच्या हंगामात सकाळच्या दौडीत घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर गेली. सहा शर्यती जिंकलेली घोडी तीन पायांवर उभी राहिली. आता तिला पळवणं नाही, असं जाणत्यांनी सांगितलं. अनंतराव या वेळी स्वतः तिच्या डब्यात बसून आले. सौदामिनीला वाटलं, संपलं एकदाचं. आता हे घरात राहतील. ते राहिले, पण तबेल्यात. दोन महिने त्यांनी त्या पायावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. घोडीनं अंग धरलं तेव्हा तिची वीण घ्यायची ठरली. उदगीरकडच्या एका जहागीरदाराकडे अस्सल विलायती वळू घोडा होता. घोडी तिथं नेऊन आणली, पण त्या वर्षी ती फळली नाही. तेव्हा हैदराबादहून सलोत्री आला, त्यानं तपासणी केली, औषधं दिली, ओला घास आणि मोड आलेला हरभरा सांगितला. लग्नाला चार वर्षं होऊन सौदामिनीचीही कूस रिकामी होती. घरात दोघी रिकाम्या होत्या. वैद्य मात्र एकीसाठीच आला.

दुसऱ्या वर्षी घोडी गाभण राहिली. अनंतरावांचं जेवण वाढलं, बोलणं वाढलं. शिंगरू कसं होईल, कुणावर जाईल, एवढाच विषय. घोडीचे दिवस भरत आले तेव्हा नेमकं जमिनीच्या एका तंट्यासाठी त्यांना हैदराबादला जावं लागलं. निघताना ते तबेल्यात गेले आणि बराच वेळ घोडीच्या मानेला मान लावून काहीबाही बोलत राहिले. सौदामिनी दही-साखरेची वाटी घेऊन ओसरीवर उभी होती. ते आले, दही तोंडात टाकलं आणि म्हणाले, "घोडीकडे लक्ष असू दे. भुजंगला हलू देऊ नकोस."

गाडी वळणाआड गेली. वाटी तिच्या हातातच होती. दुपारी तिनं भुजंगला बोलावलं आणि सांगितलं, लातूरला जा, वडिलांची प्रकृती कशी आहे बघून ये. भुजंग घुटमळला. बाई, घोडीचं जवळ आलंय, म्हणाला. तिनं आवाज चढवला. मालकिणीचा शब्द; तो सर्व्हिस मोटारीनं गेला. वडिलांची प्रकृती ठणठणीत आहे हे तिला ठाऊक होतं. घोडी मरावी असं तिच्या मनात नव्हतं. एकदा तरी त्या चंद्रप्रभेजवळ कुणी नसावं, एवढंच तिला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई सांगत आली, घोडी उठायलीय, बसायलीय, घामानं भिजलीय. सौदामिनी देवापाशी होती. आधी पूजा उरकते, म्हणाली. तिनं गंध उगाळलं. फुलं एकेक करून वाहिली. निरांजनाच्या वाती नव्यानं वळल्या. आरती झाली, तुळशीला पाणी घालून झालं. पाचवी प्रदक्षिणा चालू असताना तबेल्यातून घोडीची किंकाळी ऐकू आली. ती तशीच पळत गेली. घोडी आडवी पडली होती. शिंगराचा एकच खूर बाहेर आलेला, दुसरा पाय आत दुमडलेला. तिनं चांगुणाबाईला मळ्याकडे पिटाळलं. गुरांची बाळंतपणं केलेला म्हातारा किशन आला, त्यानं कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ केला, मग तिघांनी ओढलं. तोवर उशीर झाला होता. नर शिंगरू होतं, कपाळावर पांढरा ठिपका. घोडी उठली आणि त्याला चाटू लागली. कितीतरी वेळ चाटत राहिली. सौदामिनी भिंतीला टेकून ते बघत होती. आत कुठं तरी समाधान वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

दोन दिवसांनी भुजंग परतला आणि त्याच संध्याकाळी अनंतरावही आले. शिंगरू पुरलेली जागा त्यांनी पाहिली, परत येऊन ओसरीवर बसले आणि भुजंगला म्हणाले, "तुझं बिऱ्हाड उचल. माझ्या डोळ्यांपुढं राहू नकोस." भुजंग मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी धाडलं होतं, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. सौदामिनीला ते बघवेना. ती दारातून बाहेर आली.

"त्याला मी पाठवलं. मुद्दाम."

अनंतरावांनी भुजंगला जायची खूण केली. तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "का?"

"एकदा तरी तिच्याजवळ कुणी नसावं म्हणून."

आता मारतील, नाहीतर माहेरी धाडतील, अशी तिनं मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, "नव्हतंच कुणी."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पहिली बायको अडली तेव्हा ते मलकपेठला होते. सकाळी तार मिळाली होती. दुपारी त्यांची तेव्हाची घोडी धावायची होती. एवढी शर्यत बघून संध्याकाळची गाडी धरू, असं त्यांनी ठरवलं. घोडी चौथी आली. ते नांदेडला उतरले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटी शेवटी ती त्यांचं नाव घेऊन हाका मारत होती, असं सुईणीनं सांगितलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून सुईण लाजून सांगत होती.

सौदामिनी आत गेली. तिला नवऱ्याची दया यायला हवी होती; आलीही, पण आधी आला तो हेवाच. या माणसाच्या सगळ्यात मोठ्या चुकीवरही पहिलीचाच हक्क होता. आपला अपराध त्याच्यापुढं लहान पडला होता.

भुजंग राहिला. दोन-तीन महिने नवरा-बायको कामापुरतंच बोलत होते. पुढच्या वर्षी घोडी पुन्हा गाभण राहिली तेव्हा अनंतरावांनी मलकपेठचा सगळा हंगाम सोडला. फाल्गुनात घोडी व्याली तेव्हा ते, भुजंग आणि सौदामिनी तिघंही तबेल्यात होते. या वेळी शिंगरू सरळ आलं. मादी होती. तासाभरात ती चार लटपटत्या पायांवर उभी राहिली आणि अनंतराव सौदामिनीकडे वळून म्हणाले, नाव नोंदवायला पाठवायचं आहे. 'सौदामिनी' असं लिहून धाडतो.

ते मनापासून म्हणत होते. त्यांचा चेहरा देणाऱ्याचा होता. सौदामिनी हात पुसत होती, ती थांबली.

"तिचं नाव घोडीला दिलंत, तेव्हा तिला नको म्हणता आलं नाही," ती म्हणाली. "मी अजून आहे. हाक मारायची तर मला मारा."

भुजंग पाण्याची बादली घेऊन बाहेर निघून गेला. शेवटी शिंगराचं नाव तिनंच सांगितलं, माहेरच्या नदीचं, मांजरा. मांजरा पुढं मलकपेठला धावली, दोनदा तिसरी आणि एकदा पहिली आली. शर्यतीच्या छापील पुस्तकात तिच्या नावाखाली आईचं नाव असे. अनंतराव ते बोट ठेवून वाचत आणि सौदामिनीला दर वेळी टोचे.

चंद्रप्रभेला त्यानंतर आणखी दोन शिंगरं झाली. दोन्ही वेळा सौदामिनी हजर होती. घासपाणी, औषध, गाभण घोडीचं फिरणं, सगळं तिनं हळूहळू आपल्या हातात घेतलं होतं. भुजंगही आधी तिला विचारू लागला होता. पण त्या दोघींचं कधी जमलं नाही. ती आत आली की घोडी कान मागं टाकायची. शेवटच्या वेतात शिंगरू पुसून काढताना सौदामिनीचा हात पुढं गेला आणि घोडीनं तिच्या दंडाचा कडकडून चावा घेतला.

अनंतराव घोडीच्या डोक्याशी होते. त्यांनी घोडी सोडली, नवं शिंगरूही भुजंगवर टाकलं, आणि तिला बाहेर उजेडात आणून बसवलं. चांगुणाबाईला गरम पाणी आणायला पाठवलं. मग गुडघे टेकून त्यांनी स्वतः जखम धुतली, हळद भरली, धोतराचा काठ फाडून पट्टी बांधायला घेतली. आजूबाजूला कुठं सूज येतेय का म्हणून तळहात फिरवून पाहिला. ते तबेल्याकडे पाठ करून बसले होते.

त्यांच्या खांद्यावरून सौदामिनीला दार दिसत होतं. घोडी मान बाहेर काढून इकडेच बघत होती.

पट्टी घट्ट झाली का, असं त्यांनी विचारलं. झाली नव्हती. तरी ती म्हणाली, थोडी झालीय, सोडून पुन्हा बांधा.