मंगळवारची बैठक

नवऱ्याचा पांढरा शर्ट ती इतक्या रागानं इस्त्री करत होती की टेबल डुगडुगत होतं. आठवडाभर लॉन्ड्रीत दुनियेचे कपडे, आणि रविवारी सकाळी, चर्चमध्ये साक्ष द्यायला घालायचा म्हणून, हा साक्षीचा शर्ट. हे नाव तिनंच ठेवलेलं. सुरुवातीला नवरा त्यावर हसायचा. आता हसत नव्हता.

नवरा कारखान्यात लेथ चालवायचा. दारू सुटून तिसरं वर्ष चालू होतं. कशी सुटली, ते आता निम्म्या गावाला पाठ होतं: चर्चमध्ये प्रार्थना चालली असताना तो ढसाढसा रडला, गुडघ्यांवर आला, आणि प्रभूनं त्याला त्याच क्षणी मोकळं केलं. पाळकसाहेबांना ही साक्ष, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलेला हा अनुभव, फार आवडायची. आधी ती आपल्या चर्चमध्ये झाली, मग शेजारच्या, मग पार लांबच्या. लोक टाळ्या वाजवायचे. बायका डोळे पुसत तिला म्हणायच्या, नशीब काढलंस गं.

नशीब म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो रडला होता हे खरं. प्रभूनं त्याला उचललं हेही ती मनापासून मानत होती. पण पुढचं कोणी विचारतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कप ठरत नव्हता. मग त्यानं घरी यायचा रस्ता बदलला. पगाराच्या दिवशी ती कारखान्याच्या गेटवर उभी राहू लागली. आणि दर मंगळवारी संध्याकाळी तो सुताराच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागला. सुतार, एक ट्रकवाला आणि हा, तिघंही एकेकाळचे पक्के पिणारे. भुशात स्टुलं टाकून बायबलमधला एक उतारा वाचायचा, आठवडाभरात पाय कुठे घसरत होता ते एकमेकांना खरं सांगायचं, मग प्रार्थना. सुतार तोंडानं फटकळ. कोणी थाप मारली की म्हणायचा, हे दुसरीकडे खपव. तिथं टाळ्या नव्हत्या.

हल्ली मंगळवारीही साक्षीची बोलावणी येत होती. सुतार लॉन्ड्रीत येऊन तिला ऐकवून गेला होता, की तुझा नवरा मोठा माणूस झालाय, आमच्या भुशानं त्याचे बूट मळत असतील. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, प्रभूचंच काम करतोय ना.

आणि परवा तो पाव घेऊन आला. ती बेकरी जुन्या रस्त्यावर होती, दारूच्या दुकानाला लागून.

चर्चमागच्या खोलीत पाळकसाहेब त्याच्या कॉलरला माईक लावत होते. आज बाहेरगावचे पाहुणे आले होते. साक्ष आवडली तर ते त्याला महिनाभराच्या दौऱ्यावर नेणार होते. ती आत शिरली तसे पाळकसाहेब हसून म्हणाले, पुढे बसा वहिनी, जागा ठेवलीय.

ती बसली नाही. "परवाचा पाव कुठल्या बेकरीतला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तो बुटांकडे बघत राहिला. "दुकानासमोर उभा राहिलो होतो," तो म्हणाला. "आत नाही गेलो."

"किती वेळ?"

"बराच."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. पडत्या काळात हाकेला धावून आला होता. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रभूनं राखलं तुला. फक्त आज हे सांगू नकोस. पाहुण्यांचा विश्वास डळमळेल."

"आणि हा डळमळला तर?" ती म्हणाली. "त्या एका दिवसावर तुम्ही याला गावोगाव फिरवताय. माझ्या घरात तो दिवस रोज संध्याकाळी उगवतो. रोज याला नव्यानं नाही म्हणावं लागतं. प्रभू तेव्हाही असतो, साहेब. माईक नसतो एवढंच."

पवित्र आत्म्याचं काम आहे, अडवू नका, असं काहीतरी ते पुटपुटले. पण ती नवऱ्याकडे वळली होती, आणि तिचा खरा राग तिकडेच होता.

"मला सांगितलं नाहीत. सुताराला सांगितलं नाहीत. कोणाला सांगणार होतात, त्या पाहुण्यांना?"

"स्टेजवर मी बरा झालेला असतो गं," तो हळू आवाजात म्हणाला. "भुशात बसलो की अजून आजारीच."

बाहेर गीत सुरू झालं. तो माईक काढायला लागला. केसाएवढं अंतर मोजणाऱ्या त्याच्या बोटांना तो चिमटा निघेना. तिनं मदत केली नाही. शेवटी ओढाताणीत बटण तुटलं. त्यानं माईक पाळकसाहेबांच्या हातात दिला. "आज तुम्हीच सांगा. तुम्हाला पाठ आहे."

तो स्टेजकडे गेला नाही. भरल्या सभागृहातून, पाहुण्यांच्या समोरून चालत शेवटच्या बाकाशी गेला, मागोमाग ती. तिथं सुतार आणि ट्रकवाला गात उभे होते. सुतारानं गीताच्या पुस्तकातून मान वर केली नाही.

"मंगळवारी ये," तो म्हणाला. "यायची सवड असली तर."

"मंगळवारपर्यंत निभणार नाही."

सुतारानं आता त्याच्याकडे नीट बघितलं. पुस्तक मिटलं, ट्रकवाल्याला कोपरानं ढोसलं, आणि गीत अर्ध्यावर सोडून तिघं दाराकडे निघाले. माना वळल्या. कोणीतरी चुकचुकलं.

तिचा राग अजिबात निवला नव्हता. घरी गेल्यावर ती त्याला चांगलंच फैलावर घेणार होती. ती तिघांच्या पुढे गेली, चर्चचं जड दार खांद्यानं लोटलं आणि ते बाहेर पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.