हात मांडीवर

लोकांना सिंफनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला आणायचं आणि आणल्यावर त्यांना टाळ्या वाजवू द्यायच्या नाहीत, असली उफराटी नोकरी हातबाई अकरा वर्षं करत होती. हे नाव तिला अर्थातच लोकांनी ठेवलेलं. ज्यांनी आयुष्यात कधी त्या सभागृहाची पायरी चढली नाही, अशांना शोधून काढायचं, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन वाद्यं दाखवायची, आणि मग दुपारच्या कार्यक्रमाला वरच्या गॅलरीत फुकट बसवायचं, हे तिचं काम.

या खेपेला पाळी होती एका इस्पितळाच्या लाँड्रीची. तळघरात वाफेने कोंदलेली खोली, भिंतीशी धडधडणारी यंत्रं, आणि चादरींच्या ढिगाऱ्यांमधून डोकावणाऱ्या पंधरा-वीस बायका. हातबाईबरोबर डबल बास वाजवणारा आला होता. त्याचं वाद्य माणसापेक्षा उंच, म्हणून त्याला सगळे कपाट म्हणत. त्याने एक लांब, खालचा सूर लावला, तशा इस्त्रीवरच्या बायकांनी इस्त्र्या उभ्या केल्या.

"आता नीट ऐका," हातबाई म्हणाली. "एका रचनेचे चार भाग असतात. एक भाग संपला की सगळं शांत होतं. तिथे टाळी वाजवायची नाही. चारही भाग झाले, कंडक्टर आपल्याकडे वळले, की मगच. तोवर हात मांडीवर."

"कंडक्टर? तिकीट फाडायला?" मागून कोणीतरी म्हणालं आणि खोली हसली.

लाँड्रीची मुकादम बाई मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे आवडलं तरी गप्प बसायचं? हे तर आमच्या सासरसारखंच झालं की!"

हातबाईही हसली. मग नेहमीचं वाक्य म्हणाली, "तुमच्याच भल्यासाठी सांगते. मधेच एकट्याने टाळी वाजवली, तर सगळे वळून बघतात. फार लाजिरवाणं होतं हो."

हे ती कुठून शिकली होती, ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरी लागली त्याच वर्षी तिने वडिलांना पास दिला होता. वडील सुतार. जन्मभर रंधा मारून त्यांचे तळवे असे झाले होते की टाळी वाजवली तर दोन फळ्या आपटल्यासारखी ऐकू यायची. गॅलरीच्या शेवटच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ते पुढे वाकून ऐकत होते. पहिला भाग संपला आणि त्यांना राहवलं नाही. टप, टप, टप. तीनच वाजल्या. खालची चार-पाच डोकी वर वळली आणि हिने त्यांचं मनगट असं काही धरलं की नखं रुतली. "बाबा, लोक बघतायत." त्यांनी हात मांडीवर ठेवले. शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या पिटत होतं, तेव्हाही ते हात उचलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुमच्या इथले नियम मला कळत नाहीत, बाळ." पुन्हा ते आले नाहीत, आणि आठ महिन्यांनी गेले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच. ती खुर्ची ती कोणाला देत नसे. विचारलं तर सांगे, स्प्रिंग मोडलीय. स्प्रिंग ठणठणीत होती.

लाँड्रीतून परतली तर व्यवस्थापकांचं बोलावणं. समोर ध्वनिमुद्रण करणारा कानावर हेडफोन लावून बसलेला.

"यंदापासून मुद्रण सुरू केलं, आणि तिन्ही कार्यक्रमांचं खराब झालंय," व्यवस्थापक म्हणाले. "दर वेळी पहिला भाग संपला की तुमच्या गॅलरीतून टाळ्या."

"पण मला तिथे बसून कधी ऐकू आल्या नाहीत. आणि दर वेळी माणसं वेगळी होती. एकदा बसचालक, एकदा रात्रशाळेतले..."

"तेच तर. माणसं वेगळी, हात तेच." त्यांनी खूण केली, तसं मुद्रण करणाऱ्याने ते वाजवून दाखवलं.

टप, टप, टप. दोन फळ्या. चौथी टाळी येता येता कोणी तोडल्यासारखी थांबली होती.

"आणि नंतर कोणीतरी कुजबुजतंय," मुद्रण करणारा म्हणाला. "आवाज वाढवला तरी शब्द लागत नाहीत. बाईमाणूस आहे एवढं नक्की."

तिला मात्र शब्द लागले. स्वतःचा आवाज कोण ओळखणार नाही? बाबा, लोक बघतायत. अकरा वर्षांपूर्वीचा, तरणा, चिडलेला आवाज.

"पुढच्या वेळी असं झालं तर गॅलरी बंद," व्यवस्थापक म्हणाले. "कंडक्टरसाहेबांनी निक्षून सांगितलंय."

त्या रात्री ती पुष्कळ रडली. गॅलरी गेली तर त्या बायका पुन्हा तळघरातच राहणार, हे एक. आणि दुसरं त्याहून वाईट. बाबा अकरा वर्षं तिथेच बसून होते, तीन टाळ्यांवर अडकलेले, आणि त्यांना अडवणारी तीच होती. आता पुन्हा त्यांनाच गप्प करायचं?

कार्यक्रमाच्या दिवशी लाँड्रीच्या बायका ठेवणीतले कपडे घालून आल्या. मुकादम बाईने सगळ्यांना दटावून रांगेत बसवलं. हातबाई त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली. खुर्चीची बैठक उचललेली होती. दिवे मंद झाले. पहिला भाग सुरू झाला आणि मध्यावर केव्हातरी तिचं लक्ष गेलं, तर बैठक खाली होती. नव्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता.

तिने मान वळवली नाही. धीर झाला नाही.

शेवटचा सूर विरला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. पंधरा-वीस बायकांचे हात आज्ञाधारकपणे मांडीवर. आणि तिच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, टप.

तिने काय करायचं ते ठरवलेलं होतं. दोष बायकांवर येऊ द्यायचा नव्हता आणि बाबांना एकटं पडू द्यायचं नव्हतं. तिने हात उचलले आणि दुसरी टाळी त्यांच्याबरोबर वाजवली, सगळ्यांना दिसेल अशी. खालची डोकी वर वळली. कंडक्टरांची पाठ ताठ झाली.

"अगं बाई, तुम्हीच?" मुकादम बाई पुटपुटली.

तिसरी टाळी. वाजवा बाबा, ती मनात म्हणाली, आज मनसोक्त वाजवा, माझं चुकलं. चौथीसाठी तिने हात फाकवले, आणि तिचं डावं मनगट कोणीतरी धरलं.

पंजा खरखरीत होता, थंडगार. पकड मात्र हळुवार होती. लहान मुलाचा हात विस्तवापासून दूर करावा तसा त्याने तिचा हात खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

"बाळ," कानाशी आवाज आला, "लोक बघतायत."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

नोकरी गेली. त्यात नवल काही नव्हतं. पण दोष एकटीचाच निघाला, म्हणून गॅलरी उघडी राहिली. तिथे पुन्हा कधी टाळ्या ऐकू आल्या नाहीत, मुद्रण करणारा खूश आहे. ती हल्ली तिकीट काढून येते. पहिला भाग संपला की डोळे मिटून, कान देऊन बसते. शेजारच्या खुर्चीची बैठक उचललेलीच असते आणि वास येतो तो नुसत्या धुळीचा.

मुकादम बाईही आता दर कार्यक्रमाला येते. परवा चारही भाग संपले, कंडक्टर वळले, अख्खं सभागृह उठून टाळ्यांचा कडकडाट करू लागलं. हातबाई बसून होती. मुकादम बाईने तिला कोपराने ढोसलं.

"अहो, आता चालतं की! तुम्हीच नव्हतं का शिकवलं?"

हातबाईने मान हलवली. डावा हात उचलायचा प्रयत्न तिने केला होता. मनगटावर कोणीतरी अजून हात ठेवून बसलं होतं.