व्हर्सायला नेलेली पेटारी

मी एक जुनी पेटारी आहे. मित्रांनो, मला टोपली म्हणू नका. टोपलीला झाकण नसते, मला ते आहे. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर जगातले निम्मे वाद मिटतील, असे माझे ठाम मत आहे.

लुआर नदीच्या काठी वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक काड्यांतून माझा जन्म झाला. कडाक्याच्या थंडीत छाटलेल्या त्या काड्या वसंतापर्यंत पाण्यात उभ्या ठेवल्या, मग साल सोलून, ओलसर असतानाच मला विणले. लेओन्तीन नावाच्या एका नव्या नवरीने मला शार्त्र गावच्या बाजारात विकत घेतले. पुढे कित्येक रविवार मी तिच्या संसाराचे जेवण नदीकाठी नेले. "हिच्यात अंडं ठेवा, नाहीतर काचेचा पेला ठेवा, तडा जायचा नाही," असे ती शेजारणींना सांगत असे. त्या कौतुकाने माझी वीण घट्ट होत असे, असे मी म्हटले, तर ते अलंकारिक ठरेल. पण खोटे ठरणार नाही.

नवरा गेला, मुलगा फर्मँ मोठा झाला, लेओन्तीन आजी झाली. मग तिची नजर मंदावू लागली. हिवाळ्यापर्यंत उरलासुरला उजेडही जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा तिने एकच मागणे मागितले. लग्नानंतर नवऱ्याबरोबर व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत तिने समुद्रदेवाच्या कुंडातले कारंजे उसळताना पाहिले होते. ते पाणी तिला एकदा डोळे भरून पाहायचे होते.

जूनमधल्या एका रविवारी फर्मँ, त्याची बायको ओदील, त्यांची लेक क्लेमाँस आणि आजी आगगाडीने निघाली. राजवाड्यात मला प्रवेश नव्हता. दारातच ठेवून घेतले. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "आरसेमहालात मला नुसता उजेड दिसला गं. पण उजेड छान होता."

दुपारी मोठ्या कालव्याच्या काठी झाडाखाली चादर अंथरली आणि मला उघडले. लाल मुळे आणि लोणी, थंड कोंबडी, पाव, वाइन, शेवटी चीज आणि चेरी. फर्मँ काचेच्या कारखान्यात रात्रपाळी करीत असे. असा दिवस त्याला क्वचितच मिळे. तो पाय पसरून म्हणाला, "राजाच्या पंगतीला म्हणे वाढपीच वाढपी. माझ्या नशिबी एकटी ओदील."

"आणि शेवटी राजाचं काय केलं लोकांनी, तेही आठव," ओदीलने सुरी उचलून दाखवली. आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

समुद्रदेवाच्या कुंडातले पाणी बागेतल्या सगळ्या कारंज्यांत शेवटी, तेही थोडाच वेळ सोडतात. कुंड बागेच्या दुसऱ्या टोकाला, चढावर. क्लेमाँस कुजबुजली, "आजी, पाण्याचं काय?"

"आधी चीज, बाळा. चीज झाल्याशिवाय कोणी उठतं का?"

चीज झाले, चेरी झाल्या. फर्मँ मात्र वाइनच्या सुस्तीत झोपी गेला.

"आई, उठवू का ह्यांना?" ओदीलने विचारले.

"राहू दे. आठवडाभर भट्टीपुढे भाजतो बिचारा. आहे वेळ अजून."

कोणी म्हणेल, पुढे जे झाले, त्याचा दोष त्या लांबलेल्या जेवणाचा. मला हे मान्य नाही. जेवण हा काही गुन्हा नव्हे, आणि झोपही नव्हे. आजीचे बोट माझ्या कडीवर होते आणि ते सारखे कडी वाजवत होते. ते मला एकटीला कळत होते, आणि मला वाचा नव्हती.

दुरून, कुंडाच्या बाजूने लोकांचा गलका ऐकू आला, तेव्हा फर्मँ धडपडत उठला. "आई! अगं, मला हलवायचं नाही का?"

सगळे चढाच्या वाटेने निघाले. आजीला धाप लागली. "चल, पाठीवर घेतो तुला," फर्मँ म्हणाला.

"मी काय पेटारी आहे? चालते मी."

आम्ही पोहोचलो, तेव्हा माणसे समोरून परतत होती. कुंडातल्या मूर्तींच्या तोंडांतून थेंब गळत होते. बाकी पाणी स्थिर झाले होते. फर्मँ टोपी काढून उभा राहिला, जणू कोणाच्या अंत्ययात्रेला आला आहे.

आजी त्या स्थिर पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "पाहिलं बरं का मी. शेवटची धार पडताना पाहिली. तुझ्या बापाबरोबर पाहिली होती, तशीच होती."

"खरंच, आई?"

"खोटं कशाला बोलू? चल, गाडी चुकेल."

परतीच्या वाटेवर तिने मला छातीशी धरले होते, आणि माझे झाकण ओले झाले. त्या दिवशी पाऊस नव्हता.

नोव्हेंबरात तिचे डोळे पूर्ण गेले. पुढच्या जूनमध्ये फर्मँ तिला पुन्हा घेऊन गेला. मला नेले नाही. घरातून कोणी काही खाऊनही निघाले नाही. सकाळपासून दोघे कुंडाशी बसून राहिले, असे ओदील नंतर शेजारणीला सांगत होती. पाणी उसळले, तेव्हा फर्मँ प्रत्येक धार बोट दाखवून सांगू लागला. आजी म्हणाली, "बोट खाली घे रे. तुषार येताहेत तोंडावर. पुरे आहे."

आजी गेल्यावर फर्मँने मला पुन्हा उघडले नाही. प्रथम कपाटावर, मग तळघरात. आता माझ्यात जुने बूट आहेत. काड्या ठिसूळ झाल्या आहेत. अधूनमधून पाण्याचा हात फिरवला असता, तर त्या टिकल्या असत्या. पण मला पाहिले की फर्मँ तोंड फिरवतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, अशी याचना मी करणार नाही. वस्तूंचा शेवट ठरलेलाच असतो. पण तुमच्या पंगतीत एखादे माणूस सर्वांना 'आणखी घ्या' म्हणत असेल आणि स्वतः वारंवार दूर कुठेतरी पाहत असेल, तर हातातला घास खाली ठेवा. त्याला विचारा, तुला कुठे जायचे आहे का? 'काही घाई नाही' असे उत्तर आले, तर त्यावर विसंबू नका. उठा.