रुमाल टाकलेल्या शीटा

तर झालं काय, आपली स्वप्नाली शिरूरच्या बालवाडीत नवीन बाई म्हणून लागली आन् चौथ्याच दिवशी म्हणाली, पोरांना पायी गल्ली दाखवते. आया म्हणाल्या, "अहो बाई, चार-चार वर्षांची पोरं, रस्त्यावर कशाला?" ही म्हणाली, "दोनच्या आत नऊच्या नऊ हातात देते. एक जरी इकडंतिकडं झालं तर परत फेरीचं नाव काढणार न्हाई."

निघाली वरात. प्रत्येकाच्या छातीवर पिनेनं लावलेला रुमाल. पोस्ट बघायचं ठरलेलं, पण पोस्टापर्यंत पोचतंय कोण! पंक्चरवाल्याकडं पाण्यात बुडबुडे बघण्यात दहा मिनटं, शेळीला पाला चारण्यात दहा. रुद्र म्हणजे तोंडाचा पट्टा नुसता. "बाई, ही माझी आत्या! बाई, हे गटार माझ्या मामाच्या घरापुढचं!" पोस्ट राहिलंच. दीड वाजला तशी हिनं चौकात सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, मोजायला.

आता हिला काय माहीत, तो रांजणगावच्या कंपनीच्या बसचा थांबा हाय म्हणून!

दुसऱ्या पाळीची बस आली, दार उघडलं. स्वप्नालीचं "पाच, सहा" चाललंय तोवर रुद्रनं छातीवरचा रुमाल ओढला आन् खिडकीतून आत टाकला. रोज बापाला अशीच शीट धरताना बघतोय ना तो! बाकीच्यांनी पण टाकले. कामगार चढायच्या आत पोरं त्यांच्या पायांमधनं वर, आन् नऊ शीटा फुल्ल!

"उतरा रे!" स्वप्नाली ओरडली.

"न्हाई! मी रुमाल टाकलाय!"

ड्रायव्हर हौसराव म्हणाला, "बाई, पंचिंगला उशीर झाला तर ही मंडळी मला खातील. घ्या खाली."

एक कामगार दांडी धरून उभा, तो म्हणतो, "पोरगं बरोबर बोलतंय. रुमाल टाकला म्हंजी विषय संपला." सगळी बस हसायला लागली. हिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी. पावणेदोन झालेले.

तिनं वर चढून रुद्रला उचलून खाली ठेवलं. दुसऱ्याला उचलेपर्यंत रुद्र मागच्या दारानं परत वर!

थांब्यावर गेणबा आबा बसलेले. कवठे येमाईचे, जन्म मेंढरांमागं गेलेला, आता इथं लेकाकडं असतात. ते खिडकीपाशी आले. "पोरी, एकेक उचलून कळप हलतो व्हय? म्होरकं धर, बाकीचे येत्यात."

"आबा, म्होरक्यालाच तर उतरवलं!"

"त्ये? त्ये नुसतं बें बें करतंय. नीट बघ, सगळी कुणाकडं बघत्यात."

स्वप्नालीनं बघितलं. सगळी पोरं प्राचीकडं बघत होती. प्राची, दिवसभरात एक शब्द न बोललेली, हाताची घडी घालून शेवटच्या शीटवर बसलेली.

ही तिच्यापाशी वाकली. "प्राची, जायचं का घरी?"

प्राचीनं विचार केला. मग तिनं रुमाल उचलला, झटकला, घडी केली आन् चालू पडली. मागनं आठ रुमाल, आठ पोरं, रुद्र सगळ्यात शेवटी, तोही गप!

"बघितलं?" आबा म्हणाले आन् परत जाऊन बसले.

प्राचीला पुढं घालून स्वप्नाली जवळजवळ पळतच बालवाडीत पोचली. दोनला दोन कमी. आयांनी मोजलं, नऊ. तिचा जीव भांड्यात पडला. मनाशी म्हणाली, बसचं आपण काही बोलायचंच न्हाई.

"काय बघितलं रे बाळा?" रुद्रच्या आईनं विचारलं.

"कंपनीची बस! मला खिडकीची शीट मिळाली!"

स्वप्नालीनं डोळेच मिटले. आया एकमेकींकडं बघतायत. आन् रुद्रची आई म्हणते कशी, "खिडकीची? ह्याच्या बापाला चार वर्षांत मिळाली न्हाई! बाई, पुढची फेरी कवा हाय?"