बटरचे कागद

"एवढ्या जोरात नाही गं, तळाला भोक पडेल. अलगद दाब. हां, असं."

चिंगीने जीभ दातांत धरून गोळ्यावर अंगठा दाबला. ट्रेवर ओट्स आणि खोबऱ्याचे सोळा गोळे चार रांगांत बसले होते आणि एकेकाच्या पोटात सात वर्षांच्या अंगठ्याचा खळगा पडत होता. आजी मागून चमच्याने त्यात जर्दाळूचा जॅम सोडत होती.

"आजी, यात दूध नाही?"

"नाही."

"लोणी?"

"नाही गं बाई. अंडंसुद्धा नाही. ओट्स, खोबरं, साखर आणि खोबरेल तेल. तुझ्या आईने लिहून दिलंय तेवढंच."

"मग मी खाऊ शकते."

"आई येऊ दे. तिच्यासमोर खायचं, असं ठरलंय ना?"

ठरवले होते सुनेने. चिंगीला दूध चालत नव्हते, म्हणजे अजिबातच नाही, बोटाला लागलेले लोणीसुद्धा नाही. आजीच्या दोन खोल्यांत ती आज दोन वर्षांनी एकटी आली होती. या दुपारसाठी आजीने आठवडाभर घर घासले होते. लोण्याचा डबा आणि दुधाची पिशवी वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली, फ्रिज तीनदा पुसला, पातेले, चमचे, ट्रे सगळे नवे आणले. एवढी स्वच्छता पाहून बाईंनी विचारलेही, "पाहुणे कोण येतायत, राजा की काय?" आजी म्हणाली, "राजाची काय बिशाद, नात येतेय."

हे सगळे आजीच्या स्वभावातले नव्हते. दोन वर्षांपूर्वीची आजी या असल्या अॅलर्ज्यांना थेरं म्हणायची. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, म्हणून तिने बेकरीतून आणलेले बटर बिस्किट पाच वर्षांच्या चिंगीच्या हातात दिले होते. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारले, "काय खाल्लं हिने?" आजी तिन्ही वेळा म्हणाली, "काही नाही. नुसतं पाणी प्यायली." तिची जीभ उचललीच नाही. डॉक्टरीणबाई इकडे तिकडे शोधत राहिल्या, किडा चावला का, औषध दिलं होतं का. पोरगी वाचली, पण ती वाया गेलेली मिनिटे आजीच्या छातीवर बसली ती बसलीच. कुणालाच कधी काही कळले नाही, असे तिला वाटत होते. सुनेने मात्र त्यानंतर चिंगीला इथे एकटी ठेवले नव्हते.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. खोबऱ्याचा खमंग वास सुटला, जॅमला बुडबुडे आले. पंधरा मिनिटांनी ट्रे बाहेर आला तेव्हा कडा नेमक्या तांबूस झाल्या होत्या. एकतीस वर्षे बेकरीत काढलेल्या बाईला घड्याळ लागत नाही, नाक पुरते.

"कधी गार होणार?" चिंगीने विचारले.

"जॅम आतून उकळता असतो. जीभ पोळेल."

"मग ट्रेखाली बर्फ ठेवू या?"

पोरगी हुशार होती. आजी हसली, बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि तिचा हात तिथेच थिजला.

बर्फाच्या डब्याशेजारी बटरचे कागद होते.

बेकरीत बटरची वडी संपली की तिचा कागद कुणी फेकत नसे. बिस्किटे चिकटू नयेत म्हणून ट्रेला आधी तुपा-तेलाचा हात लावतात, आणि कागदाच्या ओशटपणावर एक ट्रे सहज पुसून निघतो. आजी घरीही ते घडी घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. आठवडाभर फ्रिज पुसताना ते तिला दिसले नव्हते असे नाही. पण ती खाण्याच्या वस्तू काढत होती, आणि कागद हा तिच्या लेखी खाण्याची वस्तू नव्हताच. तो झाडूसारखा, फडक्यासारखा. आता ते घड्या घातलेले पडले होते आणि सगळ्यात वरचा अर्धा उलगडलेला होता.

आज ट्रेला हात कशाचा फिरवला, तेलाचा की या कागदाचा?

तिने आठवायचा प्रयत्न केला. जॅमची बाटली काढायला फ्रिज उघडला होता, ते आठवले. तेव्हा चिंगी हलणारा दात दाखवत होती, तेही आठवले. "बघ आजी, जिभेने ढकलला की आडवा होतो." मग एकदम गोळे आठवले, ट्रेवर मांडलेले. मधला ट्रे पुसण्याचा क्षण कुठेच नव्हता. खोबरेल तेलाची बाटली उघडी होती, पण ती तर पिठासाठीही उघडली होती.

बेकरीत तिला सगळे मशीन म्हणत. हाताकडे न बघता काम करायची म्हणून. एकदा भट्टीवाल्याशी कडाकडा भांडता भांडता तिने दोनशे पाव लावले होते. भांडण तिला शब्दन् शब्द आठवत होते, पाव एकही नाही. या गोष्टीचा तिला केवढा अभिमान होता! आज त्याच हाताची तिला भीती वाटली.

मागे चिंगी खोकली.

आजी गर्रकन वळली. "काय खाल्लंस? ट्रेवरचं काही उचललंस? अंगठा चाटलास?"

"नाही गं! खोबऱ्याचा कीस खाल्ला वाटीतला. घशात गेला."

"इकडे ये. तोंड उघड. ओठ बघू."

ओठ नेहमीसारखे होते. श्वास स्वच्छ होता. आजीने तिला साबणाने दोनदा हात धुवायला लावले, ट्रे उचलून ओट्यावर मागे सरकवला आणि एक कुकी स्वतः चावून पाहिली. खोबरे, जॅम, किंचित मीठ. फार सुरेख झाली होती. लोणी लागते का? जिभेवर काही कळेना. एका पुसट हाताएवढे लोणी एकतीस वर्षांच्या बेकरीवालीलाही कळत नाही, पोरीच्या अंगाला मात्र कळते.

"तू खाल्लीस! आणि मला आई आल्यावर?" चिंगी रडकुंडीला आली.

कदाचित तेलच लावले असेल. बहुतेक तेलच. आणि सांगितले तर? सून पुन्हा कधी इथे पाठवणार नाही. ओव्हनमधून पडल्या म्हणावे. करपल्या म्हणावे. हो, खाली पाडाव्यात आणि घसरल्या म्हणावे. आजीने ट्रेच्या कडेला हात घातलासुद्धा.

दारावरची बेल वाजली.

सून आत आली, चिंगीने धावत जाऊन तिला मिठी मारली. "आई, सोळा केल्या! सगळे खड्डे माझे आहेत! आता खाऊ?"

"वास तर छान येतोय. झाल्या का गार, आई?"

आजी ट्रेसमोर उभी राहिली, वाट अडवल्यासारखी.

"देऊ नकोस तिला," ती म्हणाली. "फ्रीझरमध्ये बटरचे कागद राहिले माझे. ट्रे मी त्याने पुसला की तेलाने, मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं गं. नाही आठवत."

सुनेने आधी चिंगीची हनुवटी वर करून ओठ पाहिले, गळा पाहिला. "हिने खाल्लं काही?"

"नुसता कीस. वाटीतला. वाटी नवी आहे."

चिंगीने भोकाड पसरले. सुनेने तिला चपला घालायला बाहेरच्या खोलीत पाठवले. मग फ्रीझरकडे गेली, कागद पाहिले, दार लावले. आजी ओरडा ऐकायच्या तयारीने उभी होती.

"त्या वेळी बिस्किट दिलं होतंत ना?" सुनेने हळू आवाजात विचारले.

"हो."

"तिच्या फ्रॉकच्या खिशात अर्धं सापडलं होतं. धुवायला काढला तेव्हा."

"मग तू... माझ्या लेकाला सांगितलंस?"

"ह्यांना नाही सांगितलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आई. तीन-तीनदा विचारत होत्या."

"घाबरले होते गं."

"मीपण घाबरले होते."

बाहेरून चिंगीचे मुसमुसणे येत होते. सुनेने पर्स खांद्याला लावली.

"पुढच्या रविवारी आमच्याकडे या. तिथे करू. इथलं काही आणू नका, चमचासुद्धा नाही."

"चालेल ना मी आलेली?"

"मी बाजूला उभी राहीन," सून म्हणाली. "प्रत्येक वेळी काय उचललंत ते मोठ्याने सांगायचं."

"सांगीन," आजी म्हणाली.

त्या दोघींचे जिना उतरण्याचे आवाज थांबेपर्यंत ती दारात होती. मग आत येऊन तिने सगळे कागद कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्यांच्यावर ट्रे तिरपा धरला. छोट्या अंगठ्याच्या खळग्यांत जॅम चकाकत होता. पंधराच्या पंधरा कुकीज सरसर घसरत खाली गेल्या. एकही चिकटली नव्हती.