सॅम्पलची गच्ची

“बूट काढा,” मी म्हणाले.

कृष्णात जाधवने गिऱ्हाइकांकडे बघून हसत बूट काढले. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. समाचाराला तो फिरकला नव्हता; आज मात्र आधी फोन करून आला होता, मल्होत्रा नवरा-बायकोला आमची गच्ची दाखवायला.

“देखिए भाभीजी, सात साल पुराना काम. नया लगता है कि नहीं?”

गाझियाबादेतल्या या नव्या वसाहतीत वरचा मजला स्वस्त मिळे, कारण जूनमध्ये तो भट्टी होई. बाबांनी निवृत्त होताच पुंजीतला मोठा लचका तोडून छतावर उष्णता अडवणारा फोम मारून घेतला. गणेश मंडळातला आपला माणूस, म्हणून कृष्णातकडूनच. “एकदा मारला की विसरा, काका,” तो म्हणाला होता. दोन उन्हाळ्यांत फोमला ऊन-पाण्यापासून जपणारा वरचा पांढरा कोट उडाला. फोम तपकिरी पडला, बोटांना भुकटी लागू लागली. फोन केला की उत्तर एकच: साहेब साइटवर आहेत. मग बाबाच दर मार्चमध्ये गुडघ्यांखाली पोतं घेऊन छत धूत, माकडांनी उकरलेली भोकं बुजवत, कोट देत. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे उशीर झाला. ते मे महिन्यात वर चढले. उन्हाने त्यांना तिथेच पाडलं.

सुरा मी आधीच कठड्यावर आणून ठेवला होता.

“अंदर से भी देख लीजिए,” म्हणत मी वाकले.

“अहो ताई, काय करताय! चांगल्या गच्चीची वाट लावताय, यार!”

मी चौकोन कापला. आतून कुजकं पाणी निथळेल, गिऱ्हाइकांसमोर याचं तोंड काळं होईल, हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून मी ते दिवस काढले होते.

तुकडा कोरडा निघाला. पिवळाधमक. वरच्या कडेला पांढऱ्या रेघा, एकीवर एक.

“कमाल है,” मल्होत्रा म्हणाले. “बिल्कुल सूखा!”

कृष्णातचा चेहरा उजळला. “बघितलंत, ताई? काम बोलतं.”

मी तो तुकडा मल्होत्राबाईंच्या हातात दिला. “ये पीला इनका काम है. ऊपर का सफ़ेद मेरे पिताजी का. हर साल. जहाँ आप खड़ी हैं, वहीं गिरे थे.”

बाई मागे सरकल्या. “आपने तो कहा था, लगाके भूल जाओ?”

“मेंटेनन्स का अलग पैकेज है, भाभीजी...”

“अच्छा! अब अलग पैकेज,” मल्होत्रा बूट शोधत म्हणाले. “चलो जी.”

ते जिना उतरून गेले. त्यांच्यामागे धावता धावता कृष्णात दारात थांबला.

“काका असते तर असं वागले नसते.”

“म्हणून तर तुमचं फावलं.”

तो गेल्यावर मी तुकडा जागेवर बसवला, पण तो नीट बसेना. बाबांचा ब्रश डब्यातच वाळून लाकूड झाला होता. दुसरा आणला. चौकोन बुजवून झाल्यावर त्यांचं पोतं गुडघ्यांखाली घेतलं आणि त्यांचा कोट जिथे थांबला होता, तिथून पुढे लावायला लागले.

त्यांच्या आणि माझ्या पांढऱ्यामधली रेघ काही केल्या जाईना.