फियाटखालची रांगोळी

बाबांच्या जुन्या फियाटमध्ये चेतनाने हौसेने सगळ्यात महागडं, पातळ सिंथेटिक ऑइल ओतलं आणि वाट लागली! ऑइल गळून बोरिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगचं पार्किंग काळंकुट्ट झालं.

"अगं, ते नव्या गाड्यांचं ऑइल," बाबा कडाडले. "हिचे सील झिजलेत, हिला जाडंच लागतं. वीस-पन्नास ग्रेडचं!"

चेतनाने ते काढून जाडं ऑइल भरलं. दसऱ्याला रांगोळी सगळे गाडीपुढे काढतात. हिने पांढरीशुभ्र रांगोळी काढली आणि फिरवून आणलेली गरम फियाट बरोब्बर तिच्यावर उभी केली.

संध्याकाळी बाबांनी वाकून पाहिलं. एक डाग नाही!

"झकास!" म्हणत त्यांनी आपट्याचं सोनं बॉनेटवर ठेवलं.

"आणि मला?" चेतना फुरंगटली.

"थांब गं, मोठी ती आहे!"